न वाढणारं झाड

माझ्या मोठ्या मामांना घरात सगळे 'अध्यक्ष' म्हणतात. तीन माणसं एका ठिकाणी उभी दिसली की मामा त्यांचे अध्यक्ष होतात, आणि चौथा आला तर त्याला नियम समजावून सांगतात. नोकरीत असताना ते दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या खात्यात होते. शेवटी शेवटी तर त्या खात्याचे प्रमुखच झाले. अशा माणसाला निवृत्त करायचं म्हणजे घरी पाठवायचं, आणि घरी मामी होती.

पहिल्याच महिन्यात मामी माझ्या दुकानात आली. माझं फुलांचं दुकान आहे. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला पाण्याच्या बादल्या, उजव्या हाताला फुलं गार ठेवायचं काचेचं कपाट, मध्ये लांब टेबल आणि टेबलाखाली दिवसभर छाटलेल्या देठांचा ढीग. मामी बादल्यांमधून वाट काढत आली आणि स्टुलावर टेकली.

"आज त्यांनी डबे उंचीप्रमाणे लावले," ती म्हणाली. "स्वयंपाकघरातले. मीठ कुठंय विचारलं, तर म्हणाले, मधल्या उंचीत बघ."

"मग सापडलं?"

"मलाही नाही, त्यांनाही नाही. अळणी जेवलो. त्यांच्यामागे काहीतरी उद्योग लाव बाई. घराबाहेरचा. आणि लवकर संपणार नाही असा."

ती हे बोलतेय तोवर मामाच दारात हजर. मामी इतका वेळ कुठे गेली याची चौकशी करायला आले होते, पण आल्या आल्या त्यांचं लक्ष टेबलावरच्या जुडीकडे गेलं.

"हे गुलाब इतके महाग का?"

"मामा, ते गुलाब नाहीत. लिसिअँथस आहेत."

मामांना आपलं चुकलं असं ऐकायची सवय नव्हती. त्यांनी चष्मा वर-खाली करून ती जुडी सगळ्या बाजूंनी पाहिली. जांभळ्या कडेच्या पांढऱ्या पाकळ्या, एकात एक गुंडाळलेल्या. देठावरून बोट फिरवून काटा शोधला. नाक लावलं. काटा नव्हता, वासही नव्हता.

"गुण एक नाही आणि ऐट गुलाबाची," ते म्हणाले. "कोण लावतं हे?"

"फार थोडे लोक. त्रासाचं काम आहे. बी धुळीसारखं बारीक, उगवायला उशीर, वाढायला त्याहून उशीर. पेरल्यापासून फूल हातात यायला सहा महिने तरी जातात. पण एकदा कापून पाण्यात ठेवलं की दोन-तीन आठवडे हलत नाही."

"सहा महिने?" मामी मागून म्हणाली. तिच्या डोळ्यांत चमक आली होती. "याहून जास्त लागणारं काही नाही का?"

मामांना ते ऐकू गेलं नाही. जे लोकांना जमत नाही ते आपल्याला जमणारच, हा विचार त्यांच्या डोक्यात शिरला होता, आणि त्यांच्या डोक्यात शिरलेला विचार सहसा बाहेर यायची वाट विसरतो.

बियांचं पाकीट आलं. बारीक बी हाताळता यावं म्हणून त्यावर मातीचा लेप देऊन खसखशीएवढ्या गोळ्या केलेल्या असतात. त्या मातीवर नुसत्या ठेवायच्या, झाकायच्या नाहीत, कारण या बियांना उगवायला उजेड लागतो. पाकिटावर हे ठळक छापलं होतं. पण छापील सूचना सामान्य माणसांसाठी असतात असं मामांचं पहिल्यापासूनचं मत. बी म्हणजे पुरायचंच, असं म्हणून त्यांनी प्रत्येक गोळी बोटानं खोल ढकलली आणि वर माती दाबून बसवली. मग मातीच्या त्या ट्रेसमोर खुर्ची टाकून बसले. काहीच उगवलं नाही. मामांनी बीवाल्याला फोन करून झापलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वरच ठेवलं होतंत ना बी?" मामा म्हणाले, "तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही," आणि फोन ठेवून दिला.

मग ते रोपवाटिकेत गेले. तिथल्या बाईंनी त्यांना बोटाच्या पेराएवढी तयार रोपं दिली आणि निघताना बजावलं, "उन्हाळा तोंडावर आलाय. यांना गार ठेवा. तापली की बसतात."

मामा खूश होऊन घरी आले. रोप जमिनीत नीट बसलंच पाहिजे, ते म्हणाले.

मागच्या अंगणात त्यांनी प्लास्टिकचा बोगदा उभारला. कमानी, कापड, दोन्ही टोकांना पडदे, सगळं मापात. वारा लागू नये म्हणून पडदे चिमटे लावून बंद. आत एक खुर्ची, एक पंचा, एक तापमापक. मी एकदा आत डोकावले तर चष्म्यावर वाफ धरली; भाजी ठेवली असती तर न पेटवता शिजली असती. मामा त्या वाफेत बनियनवर बसून रोपांवर देखरेख करायचे. मामीनं तेवढ्यात स्वयंपाकघरातले डबे पुन्हा आपल्या मनाप्रमाणे लावून घेतले आणि तिचं वजनही जरा वाढलं.

दोन-अडीच महिन्यांनी मी बघायला गेले तेव्हा बोगद्यात रोपं होती, हिरवीगार होती, पण एकही वर आलेलं नव्हतं. प्रत्येकाची पानं जमिनीला चिकटून गोल पसरलेली, जणू कोणी वरून ताटली दाबून ठेवली होती. आमच्या धंद्यात याला रोप बसलं म्हणतात. उन्हाचा ताप सोसला नाही की लिसिअँथस देठ काढायचं सोडून देतं आणि तसंच पसरून राहतं.

"मामा, ही बसलीत," मी म्हटलं.

"बघ की, कशी घट्ट बसलीत."

"तसं नाही. आता ही वाढणार नाहीत. थंडी अंगावरून गेली की मग उठतील. सध्या फुलांची आशा नको."

मामांनी पंच्यानं तोंड पुसलं. बाहेर मामी कपडे वाळत घालत होती. तिनं आतलं सगळं ऐकलं असणार, कारण चिमटे लावायचा आवाज थांबला होता.

"कोणाला बोलू नकोस," मामा म्हणाले. "परवा मंडळ येणार आहे."

बागप्रेमी मंडळाचे मामा अर्थात अध्यक्ष होते. मंडळ आलं. त्यात दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, शिकवणी घेणारे एक मास्तर होते, एका मोठ्या कंपनीच्या कचेरीचे साहेब होते आणि चहापुरते येणारे काही जण होते. सगळे ओळीनं बोगद्यात शिरले, घामाघूम झाले आणि त्या चपट्या पानांकडे बघत उभे राहिले. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ही वाढत नाहीत का?"

त्या क्षणी मामांना खरं सांगता आलं असतं. मी त्यांच्या शेजारीच होते.

"वाढत नाहीत," ते म्हणाले. "वाढू दिलेली नाहीत."

"म्हणजे?"

"मेहनत घेतली आहे त्यामागे. टेबलावर ठेवायचं झाड. छाटायला नको, आधार नको, कुंडी बदलायला नको. आज आहे तसंच उद्या. हल्ली सगळं नुसतं वाढतंय हो. कोणीतरी कुठेतरी थांबायला नको का?"

मंडळींनी माना डोलावल्या. पडलो तरी नाक वर, हे मी मामांच्या बाबतीत लहानपणापासून पाहत आले होते, पण पडलेल्या नाकाला लोक हार घालतात हे प्रथमच पाहिलं. डॉक्टरीणबाईंना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीसाठी दोन हवी होती. मास्तर म्हणाले, मुलांसमोर ठेवीन, संयम शिकतील. कंपनीच्या साहेबांनी गुडघे मोडून एक रोप जवळून न्याहाळलं.

"याला नाव काय?"

"स्थिरा," मामा म्हणाले. हे नाव त्यांना तिथल्या तिथे सुचलं होतं, पण म्हणाले असं की ऐकणाऱ्याला वाटावं, वर्षभर विचार केलाय.

मामी तेवढ्यात सरबत घेऊन आली होती. तिनं ट्रे माझ्या हातात दिला आणि पदर तोंडाला लावून घरात निघून गेली.

पुढचे पाच-सहा महिने स्थिराचे होते. मामांनी बोगद्यातली रोपं कुंड्यांत लावली आणि निम्म्या माझ्या दुकानात आणून ठेवल्या. मी सांगून पाहिलं की मला हे विकायला नको, थंडीनंतर काय होईल माहीत आहे. मामा म्हणाले, "थंडी यायची तेव्हा येईल." मी गिऱ्हाइकांना सरळ सांगायचे, हे लिसिअँथसचं रोप आहे, उन्हानं बसलंय, पुढे उठेल. ते हसायचे आणि म्हणायचे, तुम्हाला माहीत नसेल, ही वेगळी जात आहे, आम्ही अध्यक्षांचं भाषण ऐकलंय. मग मी मूग गिळून कुंडीला कागद गुंडाळून द्यायचे. ज्याला फसायचंच आहे त्याला अडवणं हा काही फुलवालीचा धंदा नाही.

ते भाषण मीही ऐकलं होतं. 'वाढ म्हणजे सर्वस्व नव्हे' असा विषय. मामा तासभर बोलले. माणसानं आहे त्या जागी कसं समाधानानं पसरावं, पाय रोवून पण मान खाली घालून कसं राहावं, वगैरे. सगळ्यात जोरात टाळ्या कंपनीच्या साहेबांनी वाजवल्या. आठवड्याभरात त्यांनी कचेरीतल्या प्रत्येक टेबलासाठी एकेक स्थिरा मागवली. त्या वर्षी कंपनीनं कोणाचाच पगार वाढवलेला नव्हता. कुंड्या पोचवायला मीच गेले. खिडक्यांच्या रांगेनं टेबलं, टेबलांवर कुंड्या, आणि कुंड्यांमागे माणसं. प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी होती, 'हिच्यासारखं व्हा'. हिशेबाच्या टेबलावरची एक बाई चिठ्ठी वाचून मला म्हणाली, "फेकून मारायला बरी आहे ना ही? जड आहे का?"

"मध्यम," मी म्हटलं.

थंडी आली. कडक पडली. रात्री कचेऱ्या आणि दवाखाने बंद झाले की खिडक्यांपाशी सगळं गार पडायचं, आणि त्या खिडक्यांपाशीच कुंड्या होत्या. झाडांना जे हवं होतं ते आयतंच मिळालं. थंडी सरत आली आणि उन्हं जरा उबदार झाली, तसा एक दिवस दुकानात फोन वाजला.

"तुमच्या मामांचं झाड उठलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"उठलंय म्हणजे?"

"मधून देठ आलाय. वीतभर. काल नव्हता असं आमची नर्स म्हणते. हे रोग-बीग आहे का? मी औषध मारू का?"

त्या आठवड्यात फोन थांबेनात. महिन्याभरात देठ गुडघ्याएवढे झाले. खोल्यांतल्या अपुऱ्या उजेडानं ते लुकडे होऊन खिडकीकडे झुकले, आणि आधार नसल्यानं कुठे वाट बघणाऱ्या रोग्यांच्या खांद्यावर, कुठे मास्तरांच्या वहीवर आडवे पडले. मास्तर रागावले होते. मुलं आता संयमाचं नाव काढलं की हसतात, म्हणाले.

खरा घोटाळा कंपनीत झाला. तिथे सगळ्या टेबलांवरची झाडं एकदम वर आली. हिशेबाच्या टेबलावरच्या बाईनं आपली कुंडी साहेबांच्या चिठ्ठीसकट उचलली, बाकीच्यांना बरोबर घेतलं, आणि सगळी मिरवणूक साहेबांच्या खोलीत शिरली. "तुम्हीच म्हणालात हिच्यासारखं व्हा," ती म्हणाली. "आम्ही तयार आहोत." साहेबांना पगारवाढ द्यावी लागली; फार नाही, पण वीतभर तरी. दुसऱ्या दिवशी सगळ्या कुंड्या गाडीत घालून माझ्या दुकानासमोर उतरवल्या गेल्या. मागोमाग साहेबही आले.

"वाढणार नाही असं सांगितलं होतं," ते म्हणाले.

"मी वाढेल असं सांगितलं होतं."

"तुमचं कोण ऐकतं? अध्यक्ष कुठे आहेत?"

अध्यक्ष माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांमध्ये बसले होते. साहेबांची गाडी दिसताच ते तिथे गेले होते आणि मला खुणेनं सांगितलं होतं की मी इथे नाही. साहेब बडबडून निघून गेले तरी ते बाहेर येईनात. मी आत चहा घेऊन गेले. खोक्यावर बसलेले मामा एकदम लहान दिसले. खात्याचे प्रमुख असताना ज्यांच्या चुका त्यांनी काढल्या असतील ती सगळी माणसं जणू समोर येऊन उभी होती.

"माझं चुकलं असं म्हणायचंय का तुला?" त्यांनी विचारलं.

"मी काहीच म्हटलेलं नाही."

"तेच तर." त्यांनी चहा घेतला. "मी आतापर्यंत असं कधी म्हटलेलं नाही. कसं म्हणतात तेही मला नीट येत नाही."

मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "कुंड्या बाहेर पडल्यात, त्यांना आधार द्यायला हवा. येताय का?"

ते आले. आम्ही सगळ्या कुंड्या मामांच्या अंगणात नेल्या, बोगद्याचं प्लास्टिक काढून टाकलं आणि त्याच कमानींवर आडवी जाळी ताणून देठ तिच्या चौकोनांतून वर घेतले. मोकळ्या हवेत ते भरले, ताठ झाले, शेंड्याला कळ्या धरल्या. मग एक दिवस मी मामांना सांगितलं की प्रत्येक देठावरची पहिली कळी खुडायची.

"पहिली? का?"

"ती सगळ्यांच्या आधी, आखूड देठावर फुलते आणि बाकीच्यांना मागे ठेवते. ती काढली की उरलेल्या एकदम फुलतात. जुडी चांगली होते."

मामा भावंडांत थोरले. त्यांनी ती कळी बोटांत धरली आणि धरूनच ठेवली.

"हा अन्याय आहे," ते म्हणाले. "पहिल्यानं आलेल्याचा काही मान असतो."

मामी पायरीवर शेंगा सोलत होती. ती उठली, हात पदराला पुसले आणि ओळीनं टकाटक कळ्या खुडत गेली. इतक्या सराईतपणे की मामा दोन पावलं मागे सरकले.

फुलं आली तेव्हा बाजारात लिसिअँथस मिळत नव्हतं. जांभळी, पांढरी, गुलाबी, बादल्या भरून. माझ्याकडची सगळी दोन दिवसांत गेली. ज्यांनी कुंड्या परत केल्या होत्या तेच लोक जुड्या मागायला आले, आणि ज्यांनी ठेवल्या होत्या ते सांगत सुटले की आमच्या स्थिराला फुलं आली. मंडळाची सभा झाली. माफी मागायची म्हणून मामा घरून निघाले होते. मामीनं मला तसं फोन करून कळवलंही होतं. पण सभेत डॉक्टरीणबाईंनीच उठून सांगितलं की अध्यक्षांनी आपल्याला केवढा धीर धरायला शिकवलं. टाळ्या वाजल्या. मामा उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "मी एवढंच म्हणेन की स्थिरा समजायला वेळ लागतो."

अशा माणसाला सुधारायचं ते कोणी आणि कशाला? लोकांनाच त्यांची गरज होती.

पुढच्या उन्हाळ्यात मामा पुन्हा रोपवाटिकेत गेले. या वेळी त्यांना खास बसणारीच रोपं हवी होती, कारण मंडळातल्या लोकांनी स्थिरासाठी आधीच नंबर लावले होते. ते बाईंना म्हणाले, "गेल्या वर्षीसारखीच द्या. माझा बोगदा चांगला तापतो." बाईंना या म्हाताऱ्या माणसाची कीव आली. त्यांनी मुद्दाम ऊन सोसणारी, काही केल्या न बसणारी नवी जात काढून दिली आणि मामांना तसं सांगितलं नाही.

मामांनी बोगद्याला दुहेरी प्लास्टिक लावलं. पडदे बंद, चिमटे बंद. आत बसणं अशक्य झालं म्हणून खुर्ची बाहेर आणली. पण रोपं हट्टाला पेटल्यासारखी वर वर येत राहिली. मामा रोज सकाळी पडदा सारून बघायचे आणि खांदे पाडून घरात यायचे. मामी मला फोनवर म्हणायची, "आज चार बोटं वाढली. जेवले नाहीत नीट."

मग एका सकाळी ते दुकानात आले. दोन्ही हातांत बादल्या, बादल्यांत लांब ताठ देठ, एकेका देठावर चार-चार फुलं, कोवळ्या हिरवट पांढऱ्या रंगाची. इतका देखणा माल माझ्या दुकानात कोणत्याच बागवाल्यानं आणला नव्हता. मी कात्री खाली ठेवली.

"मामा, हे तुम्ही केलंत?"

त्यांनी बादल्या दाराशीच ठेवल्या, आत आणल्या नाहीत. पंच्यानं मान पुसली.

"या खेपेला जरा बिघडलं," ते म्हणाले. "कोणाला फुकट द्यायची असतील तर देऊन टाक. पुढच्या वर्षी नीट करतो."